अलिबागहून आलेला प्रश्न

परवा सकाळी बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते, आणि दाणा अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच दाबला की आतली डाळिंबी सटकन ताटलीत पडते. हे काम हातांचे आहे, डोक्याचे नाही; त्यामुळे निवृत्तीनंतर ते आपसूक माझ्याकडे आले आहे आणि ते करताना मोबाइलवर काहीतरी ऐकत बसण्याची सवय मला लागली आहे. त्या दिवशी रिचर्ड फाइनमन यांची एक जुनी मुलाखत लावली होती. 1983 साली बीबीसीच्या ‘फन टू इमॅजिन’ या मालिकेसाठी क्रिस्टोफर साइक्स यांनी ती फाइनमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरी घेतली होती. भौतिकशास्त्राचे 1965 चे नोबेल पारितोषिक वाटून घेतलेल्या तिघांपैकी एक असलेला, पासष्टीला आलेला हा माणूस समोर ना फळा, ना आकृती अशा अवस्थेत नुसता खुर्चीत बसून, हातवारे करत बोलत राहतो. मी ऐकत होतो तो तुकडा जेमतेम सात-साडेसात मिनिटांचा असेल. तो मी लागोपाठ तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा संपला तेव्हा पातेल्यातले पाणी गार झाले होते आणि ताटलीत मोजून दहा-बारा डाळिंब्या पडल्या होत्या.

मुलाखतकाराचा प्रश्न अगदी साधा आहे. दोन लोहचुंबक हातात धरून एकमेकांजवळ नेले की मध्ये काहीतरी ढकलते आहे असे जाणवते, आणि त्यातला एक उलटा फिरवला की दोघे खाडकन एकमेकांना चिकटतात. तर त्या दोन चुंबकांच्या मध्ये जे जाणवते ते काय आहे? फाइनमन उलट विचारतात की जाणवते म्हणजे काय, आणि तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? त्या धातूच्या दोन तुकड्यांमध्ये काय चालले आहे ते हवे आहे, असे मुलाखतकार म्हणतो. फाइनमन म्हणतात, ते एकमेकांना दूर ढकलतात. मुलाखतकार सोडत नाही. ते तसे का करतात, कसे करतात, हे विचारणे मला तरी अगदी रास्त वाटते, असे तो म्हणतो. प्रश्न फार चांगला आहे, हे फाइनमनही मान्य करतात. पण त्यानंतर ते उत्तराकडे न वळता भलतीकडेच, म्हणजे इस्पितळात पडलेल्या एका बाईकडे वळतात.

मिनी मावशी इस्पितळात आहे. (इंग्रजीतल्या त्या एका शब्दावरून ती मावशी, आत्या, काकू की मामी हे कळायला मार्ग नाही, मी तिला मावशी करून टाकले आहे.) ती इस्पितळात का आहे? बर्फावरून पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले म्हणून. एवढ्या उत्तराने आपले समाधान होते. पण दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या, इथले काहीच ठाऊक नसलेल्या माणसाचे ते होणार नाही. हाड मोडले म्हणून इस्पितळात का जायचे, हे त्याला आधी समजावे लागेल. हाड मोडलेली बाई इस्पितळापर्यंत पोहोचली कशी, हे तो विचारील. तिच्या नवऱ्याने फोन केला म्हणून. नवऱ्याने फोन का केला? बायकोची काळजी असते म्हणून. आणि इथे फाइनमन मिस्कीलपणे जोडून देतात की सगळ्याच नवऱ्यांना सदासर्वकाळ ती असतेच असे नाही. मग बर्फावरून घसरायला का होते? मग पाणी गोठताना प्रसरण का पावते? एका ‘का’च्या पोटात दुसरा ‘का’ निघतो, आणि आपण कुठेतरी थांबतो ते त्या जागी प्रश्न संपले म्हणून नव्हे, तर त्या जागेपुढचे आपण सगळ्यांनी गृहीत धरलेले असते म्हणून. ‘का’चे उत्तर देणाऱ्याला काहीतरी खरे धरून चालणारी एक चौकट लागते, हे त्यांचे म्हणणे, आणि ती चौकट विचारणाऱ्याची व सांगणाऱ्याची एकच असावी लागते.

हे ऐकताना मला हसू आले, कारण मी अलिबागचा. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या, ज्याला सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागते अशा माणसासाठी मराठीत आमच्या गावाचे नाव राखून ठेवलेले आहे. ‘मी काय अलिबागहून आलोय?’ असे पुण्या-मुंबईचा माणूस म्हणतो तेव्हा त्याला ‘मला एवढे साधे कळत नाही असे समजू नका’ असे सुचवायचे असते. यावर बंदी घालावी म्हणून आमच्याकडच्याच एका गृहस्थाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली. त्या वेळी मला न्यायालयाचा थोडा रागच आला होता. आता वाटते की बरे झाले. ज्याला काही म्हणता काही ठाऊक नाही आणि ते लपवण्याचीही ज्याला गरज वाटत नाही असा माणूस भाषेत कुठेतरी असायला हवा. त्याला आमच्या गावचा पत्ता दिला तर आमचे काही बिघडत नाही.

माझे हात वालांत थांबले ते मात्र या गमतीमुळे नव्हे.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. चुंबकत्वाचा धडा त्यातल्या जवळपास प्रत्येक वर्षी आला. पेटीतून पट्टीचुंबक काढायचे, एक दोऱ्याने टांगून स्थिर होऊ द्यायचा, दुसरा त्याच्या टोकाजवळ न्यायचा. मग पुठ्ठ्यावर लोहकीस पसरून खालून चुंबक धरायचा आणि पुठ्ठ्याला टिचकी मारून त्या कणांच्या वक्र रांगा उभ्या करायच्या. टिचकीबरोबर कण सळकन उभे राहतात तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येतात, हे मी दरवर्षी पाहिले आणि त्याचे श्रेय दरवर्षी स्वतःकडे घेतले. त्यानंतर फळ्यावर नियम लिहायचा: सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण असते व विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण असते. मुले वहीत उतरवून चौकट करत. परीक्षेत ‘कारणे लिहा’ या प्रश्नाखाली विचारले जाई की दोन चुंबकांचे उत्तर ध्रुव एकमेकांपासून दूर का जातात, आणि ‘कारण ते सजातीय आहेत’ असे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत असे.

एका वर्षी आठवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. ती गावाबाहेरच्या वाडीवरून पायी येत असे, फारशी बोलत नसे, आणि तिची वही ओल येऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत असे, एवढे मला आठवते. तिने विचारले, “सर, ते एकमेकांना ढकलतात का?”

मी फळ्याकडे बोट दाखवले. “सजातीय आहेत म्हणून.”

ती बसली नाही. “पण सर, सजातीय म्हणजे एकाच जातीचे ना? गावात तर सजातीय माणसंच जवळजवळ राहतात. दुसऱ्यांनाच लांब ठेवतात. मग चुंबकाचं उलटं का?”

वर्ग हसला. ती कुठून येते ते वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून हसण्यात नुसती गंमत नव्हती. मीही हसलो. मग म्हणालो, “चुंबकाला जात नसते. नियम पाठ कर,” आणि वर्ग पुन्हा हसला. त्यानंतर ती काही विचारायच्या आत तास संपल्याची घंटा झाली आणि मला सुटल्यासारखे वाटले. मला कशातून सुटल्यासारखे वाटले, हे मी त्या दिवशी किंवा नंतरही स्वतःला विचारले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नात जे होते ते मला फाइनमन यांचे ऐकताना, बावीस-तेवीस वर्षांनी, एक-एक करून दिसत गेले. ‘सजातीय’ हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी तो संस्कृतातून, ‘एका प्रकारचे’ अशा अर्थाने घेतला असणार, आणि ग्रंथात तो निर्दोष आहे. पण तो वर्गात आला तो एकटा आला नाही. तिच्या कानात ‘जात’ हा शब्द रोजच्या अनुभवातून भरून राहिलेला होता. कुणाची आळी कुठे, पाणवठा कुठे, कुणाच्या ओट्यावर कुठवर जायचे, या सगळ्यातून तिला सजातीय म्हणजे जवळचे आणि विजातीय म्हणजे लांबचे, हे पक्के ठाऊक होते. मी दिलेले कारण तिच्या चौकटीत बसवून पाहिले तर ते नुसते अपुरे नव्हते, ते चक्क उलटे होते. तिने मला चूक दाखवली होती. एकसारखे असणे हे दूर ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही, एकसारखे असूनही ढकलतात ते का, हेच तर सांगायचे आहे, इतका नेमका तर्क तिने केला होता, आणि तोही माझ्याच शब्दाचा अर्थ धरून. मी नियम दिला होता आणि त्यालाच कारण म्हणालो होतो. एकतीस वर्षे हेच केले.

याच फाइनमन यांची दुसरी एक मुलाखत आहे, 1981 सालची, बीबीसीच्याच ‘होरायझन’ कार्यक्रमातली. तीही साइक्स यांचीच. तीत ते वडिलांची एक आठवण सांगतात. लहानपणी त्यांच्याकडे ओढायची एक छोटी गाडी होती आणि तीत एक चेंडू ठेवलेला असे. गाडी पुढे ओढली की चेंडू मागे घरंगळतो, हे पाहून त्यांनी वडिलांना विचारले की असे का होते. वडील गणवेशांच्या धंद्यात होते, शास्त्रज्ञ नव्हते. ते म्हणाले की हे कुणालाच ठाऊक नाही. जे हलते आहे ते हलत राहू पाहते आणि जे स्थिर आहे ते स्थिर राहू पाहते, या प्रवृत्तीला जडत्व असे नाव आहे, पण ती का आहे हे कुणालाही माहीत नाही. शिवाय बाजूने नीट पाहिलेस तर जमिनीच्या तुलनेत चेंडू मागे जातच नाही, उलट किंचित पुढेच सरकतो, हेही त्यांनी दाखवून दिले. मी ‘जडत्व’ शिकवत असे तेव्हा एस.टी.चा दाखला देत असे: गाडी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, का, तर जडत्वामुळे. नाव सांगितले की कारण सांगितले, हा व्यवहार माझ्या वर्गात इतका रूढ होता की मुलेही तो शिकली. डॉक्टरने तापाला लॅटिन नाव दिले की नातेवाइकांना धीर येतो, तसेच हे. त्या गणवेशवाल्या बापाने मुलाला नाव दिले आणि त्याच श्वासात हेही सांगितले की हे नुसते नाव आहे. ही दुसरी गोष्ट सांगायला फार शिक्षण लागत नाही. मग ती सांगायला मला काय आड आले? पगार घेणाऱ्या शिक्षकाने ‘ठाऊक नाही’ म्हणायचे नसते, ही समजूत आड आली असावी.

मुलाखतकाराबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण या तुकड्यातला निम्मा वाटा त्याचा आहे आणि तो पडद्यावर दिसतही नाही. आपल्याकडे प्रकट मुलाखत म्हणून जो प्रकार असतो त्यात मीही एकदा हात मारलेला आहे. तालुक्याच्या वाचनालयाची व्याख्यानमाला होती, पाहुणे भातावर आयुष्यभर काम केलेले एक वयोवृद्ध संशोधक होते, आणि माझ्या हातात चौदा प्रश्नांचा कागद होता. बालपण, संघर्ष, प्रेरणास्थान, तरुणांना संदेश. शाल-श्रीफळ झाले, पाण्याचे पेले झाकून ठेवले गेले. सातव्या-आठव्या प्रश्नाच्या सुमारास ते बोलता बोलता म्हणाले, “खाऱ्या जमिनीत एक जात तगते आणि शेजारची मरते, हे मी चाळीस वर्षं पाहतोय, पण मला ते पुरतं कळलेलं नाही.” पूर्ण संध्याकाळीतले तेच एक वाक्य जिवंत होते. मी “वा!” म्हणालो आणि नववा प्रश्न विचारला. साइक्स यांनी तसे केले नाही. समोरच्या थोर माणसाने ‘म्हणजे काय विचारायचे आहे तुम्हाला?’ असे जरा चढ्या आवाजात म्हटल्यावर, माझा प्रश्न मला रास्त वाटतो, असे त्यांनी सभ्यपणे पण ठाम सांगितले. ते एक वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर पुढची सात मिनिटे झालीच नसती. माझ्या वर्गातली ती मुलगीही तशीच न बसता उभी राहिली होती. फरक एवढाच की तिच्यासमोर मी होतो.

मात्र फाइनमन यांचे सगळेच मला पटले असे नाही. तुकड्याच्या शेवटी ते म्हणतात की चुंबकीय बल तुमच्या अधिक ओळखीच्या कशाच्या तरी आधारे मला समजावून सांगता येणार नाही, कारण तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या कशाच्या आधारे ते मलाही समजलेले नाही. चुंबक जणू रबराने जोडलेले आहेत असे मी म्हणालो तर ती तुमची फसवणूक होईल. एक तर मध्ये रबर नाही, आणि तुम्ही पुरेसे चौकस असाल तर रबर ताणल्यावर परत का आखडते असे विचाराल, आणि त्याचे उत्तर देताना मला पुन्हा विद्युत बलांकडेच यावे लागेल, म्हणजे ज्याचा उलगडा करायला रबर आणले त्याच्यापाशीच. युक्तिवाद बिनतोड आहे. पण आठवीच्या वर्गात उभे राहणाऱ्याला उपमेवाचून एक पाऊल टाकता येत नाही, आणि खुद्द फाइनमन यांनाही ते येत नव्हते. त्याच मालिकेत अणूंच्या थरथरण्याविषयी बोलताना ते चेंडू, टेकड्या असे काय काय हाताशी घेतात. रबरालासुद्धा त्यांनी एक वेगळा तुकडा दिला आहे. मिठाईच्या पुड्याचे जरा रुंदसे रबर घ्यावे, ओठांजवळ धरून झटकन ताणावे आणि ओठांना लावावे, ऊब लागते. ताणलेलेच थोडा वेळ धरून ठेवावे, मग सैल सोडून पुन्हा ओठांना लावावे, गार लागते. मी वाल बाजूला ठेवून हे करून पाहिले. अगदी स्पष्ट कळते. रबराने मी पन्नास वर्षे वह्या बांधल्या, पण हे मला ठाऊक नव्हते. तर उपमा द्यावी, आणि ती कुठे तुटते तेही त्याच वेळी सांगावे, असे मी म्हणेन. उपमा मुळीच नको हे मला मान्य नाही. शिवाय बर्फाबद्दल त्यांनी दिलेले कारणही, दाबाने बर्फ क्षणभर वितळतो हे, आज अपुरे मानले जाते. बर्फाच्या पृष्ठभागावरचा थर मुळातच सैल, पाण्यासारखा असतो आणि घसरण्याचे बरेचसे कारण तिथे आहे. पण तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की ते वाक्य बोलताना त्यांनी मध्येच ‘असे म्हणतात’ हे शब्द घातलेले आहेत. मी वर्गात ‘असे म्हणतात’ कधी म्हणालो असेन तर ते फक्त इतिहासाच्या बदली तासाला.

त्यांनी काहीच उत्तर दिले नाही असेही नाही. तुम्ही खुर्चीवर हात टेकता तेव्हा खुर्ची तुमचा हात वर ढकलते, याचे तुम्हाला नवल वाटत नाही. चुंबकाचे वाटते, कारण तो लांबून ढकलतो. वास्तविक दोन्हीकडे त्याच घराण्यातली बले आहेत. लोखंडात अगणित इलेक्ट्रॉन एकाच दिशेने फिरकी घेत रांगेत येतात, त्यामुळे एरवी एकमेकांना पुसून टाकणारे त्यांचे परिणाम साठत जातात आणि ढकलणे बोटभर अंतरावरून हाताला कळते. ते रांगेत का येतात, याच्या उत्तराचा पाया जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी 1928 साली घातला, आणि तो अणूच्या आतल्या जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धान्तात आहे. आधीच्या, न्यूटन-मॅक्सवेल यांच्या भौतिकशास्त्रातून लोहचुंबक निघूच शकत नाही, हे नील्स बोर यांनी 1911 मध्ये आणि हेंड्रिका फान ल्यूवेन या डच विदुषीने 1919 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले होते. म्हणजे त्या मुलीच्या ‘का’ला माझ्या पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत उत्तर नव्हतेच. मला एवढे तरी सांगता आले असते.

आणि हे सांगायला मला लांब जावे लागले नसते. आमच्या अलिबागेत समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, त्यांच्या विद्युतप्रवाहाने सुया भरकटणार हे उघड होते, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली हे काम खाडीपलीकडे अलिबागला आणले गेले. इमारत लोखंड टाळून बांधली. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, की जागा बदलल्याने नोंदींचा धागा तुटू नये. ट्राम 1907 मध्ये विजेवर धावल्या आणि 1964 मध्ये कायमच्या बंदही झाल्या. अलिबागची नोंद अजून चालू आहे. मी दर वर्षी मुलांना अलिबागच्याच समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या सहलीला नेत असे तेव्हा या आवारावरून बस जात असे आणि मी खिडकीतून बोट दाखवून ‘ती वेधशाळा’ एवढेच म्हणत असे.

कुलाब्याच्या जुन्या नोंदींतले एक पान मला आता फार महत्त्वाचे वाटते. 1859 च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर मोठा स्फोट झाला. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांनी तो दुर्बिणीतून पाहिला. त्यानंतर कुलाब्याच्या निरीक्षकांना सुई विलक्षण ढळताना दिसली. डोळ्यांनी वाचून, हाताने लिहिलेल्या त्या आकड्यांवरून जवळजवळ दीडशे वर्षांनी संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली त्या वेळची घट सुमारे 1,600 नॅनोटेस्ला (हे अशा क्षेत्राचे मोजमाप) निघाली. ज्या कारकुनी हातांनी ते आकडे लिहिले त्यांना सूर्यावर काय झाले हे ठाऊक नव्हते, सुई का ढळते हे ठाऊक नव्हते, इलेक्ट्रॉन हा शब्दही अजून जन्मला नव्हता. त्यांनी वहीत कारणाचा रकाना भरून टाकला नाही. काय दिसले आणि किती वाजता दिसले, एवढेच लिहून ठेवले.

मी सांगत होतो त्या मुलीने दहावीनंतर काय केले, मला माहीत नाही. शाळेच्या दाखल्यांच्या वहीत तिचे नाव सापडेल, पण ते शोधून तिला गाठावे आणि चाळीशीकडे झुकलेल्या त्या बाईपुढे आपली टोचणी हलकी करावी, हा विचार मला स्वतःलाच आवडला नाही. तिला तो तास आठवत असेल तर तो चुंबकासाठी आठवत नसणार.

अकराच्या सुमारास हिने येऊन ताटलीकडे पाहिले. “अहो, एवढ्या वेळात एवढेच? काय ऐकताय एवढं?” मी सांगू लागलो. ऐकता ऐकता तिने उरलेले वाल पुढे ओढले आणि माझ्या तिप्पट वेगाने सोलायला लागली. नवऱ्याने फोन केला म्हणून, या जागी ती फिस्सकन हसली. चुंबकापाशी आलो तशी उठून ओल्या हातांनीच फ्रिजवरचे दोन चुंबक घेऊन आली. जाहिरातीचे, पातळ रबरी पट्टीचे, एक सिलिंडरवाल्याचा आणि एक वाण्याचा. ते पाठीला पाठ लावून तिने एकमेकांवर घासले. “हे बघा, एका बाजूने घासलं की कटकट उड्या मारतात, आणि फिरवून घासलं की सरळ घसरतात. मी फोनवर बोलताना नेहमी करते. हे का?”

मी ते हातात घेऊन पाहिले. खरेच एका दिशेने घासताना पट्टी दर मिलिमीटर-दोन मिलिमीटरला अडखळत होती, करवतीच्या दात्यांवरून नख फिरवावे तशी, आणि काटकोनात वळवली की गुळगुळीत सरकत होती. आमच्या फ्रिजवर हे कित्येक वर्षे होते. मी तिला सांगितले की या पट्टीत उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे एकाआड एक असतात, म्हणून आडवे घासताना ते आळीपाळीने ओढतात आणि ढकलतात.

“ते कळलं,” ती म्हणाली. “पण ढकलतात का?”

आत कुकरची तिसरी शिटी झाली. ती जागची हलली नाही.